काढले, साहेब

"स्लॅबच्या आधीचे फोटो काढलेत का?"

"काढले, साहेब."

"सगळे?"

"सगले. येक पन नाय ठेवला."

हे शेवटचं वाक्य मला तिथल्या तिथे खटकायला हवं होतं. पण मे महिन्यातली दुपार, खाडीवरून येणारा चिकट वारा, समोरच्या रस्त्यावरून बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची न संपणारी रांग आणि त्यांची धूळ. माझे गुडघे सकाळपासून बोलत होते. मी फाइल उघडली आणि म्हटलं, "मग दाखवा."

हिराजीदादांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. म्हातारा उन्हाने चळला की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"काढले बोलतंय ना, साहेब. आथा कुठशी दाखवू?"

मी सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. घरी बसून बायकोच्या कामात खोट काढण्यापेक्षा लोकांच्या कामात काढावी म्हणून एका तपासणी कंपनीत लागलो. याला थर्ड पार्टी म्हणतात. बांधणारा पहिला, बांधून घेणारं खातं दुसरं आणि दोघांचाही विश्वास नसलेला तिसरा माणूस म्हणजे मी. रायगड जिल्ह्यातली छोटी सरकारी बांधकामं मी पाहतो. अंगणवाड्या, संरक्षक भिंती, पाण्याच्या टाक्या. हे काम होतं उरण तालुक्यातल्या एका गावच्या मासळी बाजाराच्या शेडचं. चारी बाजूंनी उघडी शेड, वर सिमेंटचा स्लॅब. ती होईपर्यंत गावातल्या बायका रस्त्याच्या कडेला, ट्रेलरच्या चाकांपासून हातभर अंतरावर टोपल्या मांडून बसत होत्या.

हिराजीदादा हे ठेकेदाराचे साइट सुपरवायझर. पन्नाशी उलटलेला, वाळलेल्या अंगाचा माणूस. याच गावचे. आधी मिठागरात, मग कंटेनर यार्डात आणि आता बांधकामावर. मी त्यांचं काम आधीही दोन ठिकाणी पाहिलं होतं. बोलायला तुसडे, पण कामात स्वच्छ.

आता फोटोंचं काय ते सांगतो. स्लॅब ओतला की आतलं लोखंड दिसत नाही. किती सळया घातल्या, किती अंतरावर घातल्या, हे नंतर देवालाच ठाऊक. म्हणून ओतण्याआधी त्या जाळीचे फोटो घ्यायचे असा नियम आहे. साधे फोटो चालत नाहीत. एक ॲप असतं, ते फोटोवरच जागा, तारीख आणि वेळ छापतं. असा एकेक फोटो फोनमधली भरपूर जागा खातो. नेटवर्क असेल तर तो लगेच ठेकेदाराच्या ऑफिसला जातो, नसेल तर फोनमध्ये वाट बघत बसतो. खाडीकाठच्या या गावात नेटवर्क भरती-ओहोटीसारखं येतं-जातं, त्यामुळे तिथले फोटो बहुधा वाटच बघत असतात.

या शेडचे फोटो ऑफिसला पोचले नव्हते. पोचले नाहीत हे स्लॅब ओतून दोन महिने होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते तक्रार आली म्हणून. ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने लिहून दिलं होतं की शेडच्या स्लॅबमध्ये एकाआड एक सळई गाळली आहे आणि ते लोखंड सुपरवायझरच्या घरी गेलं आहे. हिराजीदादा त्याच सुमारास घरामागे बाथरूम बांधत होते, त्यांच्या अंगणात सळयांचे तुकडे पडलेले असायचे. ते त्यांनी विकत आणलेले होते. पण अंगणातली सळई पाहून कोणी पावती विचारायला जात नाही. लोक डोक्यात हिशेब मांडतात आणि घरी जातात.

मी दादांचा फोन मागून घेतला. गॅलरीत एकही फोटो नव्हता. हटवलेले फोटो फोन काही काळ एका कचरापेटीत ठेवतो, ती उघडली. तीही रिकामी.

"ही कचरापेटी कोणी रिकामी केली?"

"मीच. फोटो काढले तरी फोन बोलतंय भरलाय, भरलाय. मंग त्यो डबा पन साफ केला."

यात त्यांचं चुकलं नव्हतं. घरातला कचरा काढून दारामागे ठेवला तर घर झाडल्यासारखं दिसतं, पण जागा अडलेलीच राहते. फोनचंही तसंच. कचरापेटी रिकामी केली तरच जागा मोकळी होते. फक्त त्यानंतर काही परत मिळत नाही.

"पण दादा, हे फोटो हटवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"ऑफिसवाल्या मॅडमनी."

मी ठेकेदाराच्या पनवेलच्या ऑफिसात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिथे प्राजक्ता नावाची मुलगी फोटोंचं काम बघते. मूळची सांगलीकडची, हुशार, तिच्याकडे एका वेळी पंधरा-वीस साइट असतात. तिला सगळं आठवत होतं.

"सर, मी स्लॅबच्या आदल्या दिवशी दादांना स्वतः फोन केला होता. म्हटलं, लोखंडाचे, कॉलमचे, सगळे फोटो काढा आणि झालं की मला सांगा. त्यांनी तासाभराने सांगितलं, काढले म्हणून. मी टिक केलं. त्यावरच स्लॅब ओतायची परवानगी मिळाली."

हिराजीदादा फोनवर वाकले.

"मॅडम, तुमी बोललाव, काढा. खेचा बोलला असताव तं खेचलं असतं. खेचलेलं तं व्हतंच माझ्याकडं. तेच काढलं."

दोघांचं म्हणणं मला एकदमच समजलं होतं आणि दोन्ही खरं होतं.

मी माणगावचा. आम्ही फोटो काढतो. प्राजक्ताही काढते. पण उरणच्या या पट्ट्यात, बंदर, ट्रेलर आणि मुंबईची हिंदी यांच्यात आयुष्य गेलेली माणसं फोटो खेचतात. काढतात ते नको असलेलं. होडीतलं पाणी काढतात, मिठागरातला गाळ काढतात, कपड्यावरचा डाग काढतात. त्यात भर म्हणजे दादांनी त्याआधीच्या संध्याकाळी प्राजक्ताला तक्रार केली होती की फोन भरलाय, ॲप उघडत नाही. ती म्हणाली होती, उद्या बघते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "सगळे फोटो काढा." कालच्या तक्रारीचं उत्तर आलं असंच कुणालाही वाटलं असतं. ऑफिसला फोटो पोचलेत, म्हणूनच काढायला सांगतायत, असा त्यांनी सरळ अर्थ लावला आणि नेकीने एकेक फोटो उडवला.

"घरचे तं आधीच उडवले व्हते," ते म्हणाले. "तुमच्या लोखंडाला जागा नको?"

मी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागलो. ते काय म्हणाले याकडे माझं तेव्हा लक्ष नव्हतं.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एवढा मूर्ख अपघात पाहिला नव्हता आणि मला हसूही येत नव्हतं. कारण पुढचं मला दिसत होतं. अहवालात एक रकाना असतो, त्यात मला लिहावं लागलं असतं: आवश्यक छायाचित्रे सुपरवायझरने नष्ट केली. त्यात काढणे आणि खेचणे लिहायला जागा नाही. तो कागद गावात आला असता की हिराजीने लोखंड खाल्लं आणि पुरावा पुसला, यावर शिक्का बसला असता. दादांनाही ते कळत होतं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं.

"साहेब, नोकरी गेली तं गेली. पन मना याच शेडात मासली घ्यायला यायचं हाय. माझी वैनी हितं बसनार. मी कुठल्या तोंडानं येऊ?"

स्लॅब न फोडता आतलं लोखंड शोधायचं यंत्र असतं. आमच्या ऑफिसचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं आणि ते कधी परत येईल हे विचारणं आम्ही सोडून दिलं होतं. मी आमचे साहेब देसाई यांना फोन केला. ते माझ्याहून वयाने बरेच लहान आहेत, त्यांच्यावर वरून दाब असतो, त्यामुळे ते वाक्यं अर्धीच बोलतात. म्हणाले, फोटो नाहीत ना, मग तीन ठिकाणी फोडून बघा, नियम आहे. मी म्हटलं, खाडीकाठचा स्लॅब आहे, जिथे फोडू तिथून खारी हवा शिरेल, कितीही लिंपलं तरी ती जागा आधी गंजेल. ते म्हणाले, मग फोटो आणा.

म्हणून आम्ही दोघं उरणच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन केबलला लावला, बराच वेळ खटपट केली आणि नाही म्हणाला. हल्लीचे फोन आतला सगळा मजकूर कुलपात ठेवतात, कचरापेटी रिकामी केली की किल्लीच जाते, असं त्याने समजावलं. कुठल्याशा कोपऱ्यात काही नखाएवढी चित्रं सापडली. त्यात करड्या रंगावर करड्या रेघा होत्या. लोखंड म्हणा, कोळ्याचं जाळं म्हणा. दादा ती चित्रं डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर या फोटोंचा, ॲपचा आणि टिकांचा मनापासून वीट आला. आम्ही लोक पूर्वी लोखंडावर उभे राहून टेप लावायचो. आता लोखंडाला हात लावायच्या आधी फोन चार्ज आहे का ते बघतो.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि रस्त्याच्या कडेला मासळीवाल्या बसल्या होत्या. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या जनाबाय. शेडसाठी तहसीलपर्यंत जाऊन भांडलेल्या. मला बघून त्यांनी हाक मारली आणि शेड कधी उघडणार ते विचारलं. मी थकलो होतो. टोपल्यांजवळच्या दगडावर बसलो आणि काय झालं ते सांगून टाकलं. असं करायचं नसतं, पण केलं.

जनाबाय कोलंबी निवडता निवडता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमी नारल ठेवला तवाचा फोटू नाय चालायचा?"

स्लॅबच्या दिवशी नारळ फोडतात हे सगळ्यांना माहीत आहे. मिक्सरजवळ ठेकेदाराचा माणूस नारळ फोडतो, कामगारांना जिलेबी मिळते. पण या बायकांनी शेड आपली म्हणून आपली पूजा वेगळी केली होती. ओतकाम सुरू व्हायच्या आधी वर चढून लोखंडाच्या जाळीवर अख्खा नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मग तो उचलून खाडीला दिला. समुद्रावर पोट असलेली माणसं, नारळाचा पहिला मान खाऱ्या पाण्याचा. त्याचा जनाबायनी फोटो घेतला होता.

त्यांचा फोन मी कधी विसरणार नाही. काच तडकलेली, कडेला माशाचं खवलं चिकटलेलं, आणि वर कायमची सूचना: जागा संपली. गॅलरी उघडायला एवढा वेळ लागला की मधे एक गिऱ्हाईक बोंबील घेऊन गेलं. त्यात काय नव्हतं? गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. एकच पापलेट पाच बाजूंनी. कोणाचा तरी अंगठा. जनाबायनी फोन घेतल्यापासून एकही फोटो हटवला नव्हता.

"मना काढाया येत नाय," त्या म्हणाल्या. "आनि मानसाचा फोटू असा पुसून कसा टाकायचा? बरा नाय वाटत."

मी बोटाने वर सरकवत होतो, हिराजीदादा माझ्या खांद्यावरून बघत होते. मधे एका हळदीचे खूप फोटो आले. मांडव, बँड, नाचणाऱ्या बायका आणि गालभर हळद लावलेली एक मुलगी.

"थांबा जरा, साहेब."

"दादा, नारळ शोधतोय," मी म्हटलं आणि पुढे सरकलो.

नारळ सापडला. पाच बायका ओळीने बसलेल्या, केसात अबोली, मधे नारळ आणि त्यांच्या पायाखाली पसरलेली जाळी. फोटोवर जागा छापलेली नव्हती, पण आतल्या माहितीत तारीख होती, स्लॅबच्याच दिवसाची. मी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून बघितला. नकाशात मुख्य सळया चार इंचांवर होत्या. सोललेला नारळ साधारण तेवढाच असतो. एकाआड एक सळई गाळली असती तर नारळ जाळीतून खाली जाऊन काँक्रीट झेलायला ठोकलेल्या फळ्यांवर टेकला असता. तो सळयांवर बसलेला होता. शेंडी वर, हळदकुंकू लावून घेऊन, आरामात.

मी देसाईंना फोटो पाठवला आणि फोन केला.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "नारळाला जीपीएस असतं का?"

"नारळाला नसतं. फोनला तारीख असते. आणि नारळ खाली पडलेला नाही."

"अहो, अर्धाच स्लॅब दिसतोय यात."

हे खरं होतं. खाडीकडची बाजू बायकांच्या पाठीमागे होती. बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की तीनऐवजी एकाच ठिकाणी फोडायचं, तेही जी बाजू फोटोत नाही तिकडे, आणि तक्रार करणाऱ्या सदस्याच्या समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. स्लॅब खालच्या बाजूने फोडायचा असतो, कारण तिथे लोखंड जवळ असतं. जागा मी त्या सदस्यालाच निवडायला सांगितली. त्यांनी इकडेतिकडे बघून एका कोपऱ्यात बोट दाखवलं. गवंडी शिडीवर चढला आणि छिन्नी लावली. सिमेंटचे कपचे पडायला लागले. बायका टोपल्या सोडून आल्या होत्या. हिराजीदादा मात्र वर बघतच नव्हते. एका खांबाला पाठ लावून ते खाडीकडे तोंड करून उभे होते. आपल्या हाताने बांधलेली जाळी, तरी आता ती तिथे असेल की नाही याची त्यांनाच भीती वाटत असावी. लोकांनी दोन महिने संशय घेतला की माणूस स्वतःवरही घ्यायला लागतो.

पहिली सळई दिसली. मग दुसरी. मी शिडीवर चढलो, गुडघ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं, आणि टेप लावली. चार इंच. गवंड्याला आणखी थोडं उघडायला लावलं. तिसरी, पुन्हा चार इंचांवर. मी आकडा मोठ्याने सांगितला आणि त्या सदस्यांना वर येऊन स्वतः टेप धरायला सांगितलं. ते चढले नाहीत. म्हणाले, आम्ही फक्त विचारलं होतं, विचारायचा हक्क आहे. आणि फोन कानाला लावून निघून गेले.

जनाबाय हिराजीदादांकडे बघून म्हणाल्या, "हिराजी, तोंड फिरव आथा. लोखंड हाय."

दादांनी तोंड फिरवलं. वर एकदा बघितलं आणि खाली पडलेले कपचे पायाने गोळा करायला लागले. त्यांची वहिनी कमरेवर हात ठेवून उभी होती, तिने पदराने डोळे टिपले.

पण माझं काम संपलं नव्हतं. उघड्या लोखंडाचे आता रीतसर फोटो हवे होते. "खेचा," मी म्हटलं, मुद्दाम शब्द तोलून. दादांनी चारी बाजूंनी खेचले, टेप लावून, टेपेशिवाय, खांबासकट. नेटवर्कसाठी आम्ही फोन शेडबाहेर एका उंच ड्रमवर ठेवला आणि एकेक फोटो जाईपर्यंत उभे राहिलो. प्राजक्ताचा फोन आला, सगळे आले म्हणून. तिचा आवाज अजून पडलेला होता. दादांनी तिला सांगितलं, "मॅडम, ऱ्हाऊ द्या. तुमची पन भाषा खरी, माझी पन खरी."

मी फाइल बंद करत होतो, तेवढ्यात दादा जनाबायच्या टोपलीजवळ जाऊन बसलेले दिसले. उकिडवे, फोन दोन्ही हातांत धरून.

"ते हलदीचे फोटो दे ना मना," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती गालभर हळदीची मुलगी त्यांची होती. लग्न होऊन ती दूर गुजरातेत गेली होती. साइटच्या फोटोंसाठी फोनमध्ये जागा हवी, असं ऑफिसने सांगितल्यावर त्यांनी सगळ्यात आधी लेकीची हळद उडवली होती. मग आमचं लोखंड भरलं होतं. मग तेही उडवलं. आम्ही दोन दिवस सगळ्यांचे फोन धुंडाळले, पण त्यांच्याकडून आणखी काय गेलं, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. उलट त्यांनी थांबा म्हटलं तर मी नारळ शोधतोय म्हणालो. मला फार वाईट वाटलं.

जनाबायनी फोटो पाठवले. दादांच्या फोनने नेहमीची सूचना दाखवली: जागा नाही. सकाळचं सगळं लोखंड आत बसलेलं होतं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ह्ये आथा काढू?"

मी माझ्या फोनवर एकदा खात्री केली, ऑफिसला पोचलेले फोटो उघडून बघितले. मग म्हटलं, "काढा."

ते हलले नाहीत. बोट काचेच्या वर तसंच धरून थांबले.

"म्हंजे?"

"उडवा, दादा. सगळे उडवा. डबासुद्धा साफ करा."

त्यांनी उडवले. मग त्या खाडीकाठच्या मरतुकड्या नेटवर्कवरून हळद यायला लागली. एकेक फोटो आधी धुरकट, मग हळूहळू स्पष्ट. पिवळा मांडव, पिवळी लेक, तिच्या शेजारी ताठ उभे राहिलेले, नवा सदरा घातलेले दादा. ते प्रत्येक फोटो पुरता उघडेपर्यंत थांबत होते, मगच पुढच्यावर जात होते. मी त्यांची घाई केली नाही.

शेड पावसाळ्याआधी उघडली. फोडलेली जागा आम्ही चांगल्या मसाल्याने लिंपली, तरी रंग वेगळा दिसतो, आणि तिथे आधी गंज धरणार हे मला माहीत आहे. तिच्या बरोबर खाली हिराजीदादांची वहिनी बसते.

तपासणीच्या माझ्या फॉर्मवर "फोटो काढले का?" असा प्रश्न अजून छापलेला आहे. मी तो विचारत नाही. फक्त "दाखवा" म्हणतो. घ्यायचे असतील तर खेचा, हटवायचे असतील तर उडवा. काढा मी आता फक्त सर्दी झाली की घेतो.